तिसऱ्या घंटेआधीची शाळा

कोल्हापूरला येणाऱ्या सहलीचा मार्ग ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, टाऊन हॉलचं संग्रहालय, संध्याकाळी रंकाळा. केशवराव भोसले नाट्यगृहाला मधला अर्धा तास मिळायचा, आणि तोही बऱ्याचदा खासबागची भेळ शेजारीच मिळते म्हणून. शाहू महाराजांनी 1915 साली हे पॅलेस थिएटर उभं केलं, पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं, एवढं सरांनी बसमध्येच सांगून टाकलेलं असे. उरलेलं आम्हा हौशी नाटकवाल्यांकडे. सेट लावायला आम्ही दुपारपासून तिथंच असायचो, आणि मुलांना विंगेत न्यायचं काम आपसूक आमच्यावर यायचं.

माइक नव्हता त्या काळातलं हे नाट्यगृह. रंगमंचावर साधं बोललेलं मागच्या रांगेपर्यंत पोचायचं. हे मुलांना पटवायला आम्ही दोघांना वर उभं करायचो आणि बाकीचे खाली पार मागे बसायचे. एकदा दोन पोरं वर गेली ती आपसातच कुजबुजायला लागली. वर्गातल्या कुणाचा तरी डबा बसमध्ये गायब झाला होता, सकाळपासून त्याची चौकशी चालली होती. रंगमंचावरून अगदी हळू आवाजात आलं, "थालीपीठ लई भारी होतं, पर सांगू नको हं." मागच्या रांगेतून डब्याचा मालक उभा राहिला. शाहू महाराजांच्या नाट्यगृहाचा याहून चोख पुरावा मला आजवर देता आलेला नाही.

मुलं आणि लागलेला सेट एकत्र आले की आमच्या पोटात गोळा यायचा. खोटी खिडकी उघडून बघायची, भिंतीला टेकायचं, भिंत हलली की ओरडायचं. आम्ही कापडाच्या भिंती सांभाळत बसलो होतो अशाच एका दुपारी टेबलावरचा पेढ्यांचा पुडा रिकामा झाला. दुसऱ्या अंकात मुलगी पसंत पडल्यावर पेढे वाटायचे होते. तिसरी घंटा व्हायला आली तेव्हा मांडामांड बघणाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि आता पळायलाही वेळ नव्हता. मुलीचे वडील झालेल्या नटानं रिकामा पुडा सगळ्यांपुढं फिरवला. सगळ्यांनी चिमटीत काहीच नसलेला पेढा उचलून खाल्ला, आणि नवऱ्याच्या आईनं तर नंतर बोटंसुद्धा पुसली. प्रेक्षकांत कुणाला शंका आली नाही. पुढच्या प्रयोगापासून पेढे आणणंच बंद झालं.

केशवरावांची गोष्ट मात्र मी घाईत कधी सांगितली नाही. या मुलांच्याच वयाचा हा पोरगा 'शारदा' नाटकात शारदेचं काम करायचा, हे ऐकल्यावर मुलगे हसायचे. पुढं त्यानं 1908 साली, अठरा पूर्ण व्हायच्या आत, स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक कंपनी काढली म्हटलं की हसू थांबायचं. मग बालगंधर्व आणि केशवराव. दोन कंपन्या, दोन गवय्ये, दोघांचे चाहते एकमेकांवर तुटून पडणारे. आणि 8 जुलै 1921 ला मुंबईत दोघं एकाच रंगमंचावर 'मानापमाना'त उभे राहिले, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. कोल्हापूरच्या पोरांना दोन गडी समोरासमोर आले म्हणजे निकाल हवाच. "मग कोण जिंकलं?" हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. पैसे टिळक स्वराज्य फंडाला गेले, हे माझं उत्तर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

नाट्यगृहाच्या पाठीला पाठ लावून खासबागचं कुस्तीचं मैदान आहे. महाराजांनी रोममधलं जुनं क्रीडागार पाहिलं आणि तसं मैदान इथं बांधलं, हे कोल्हापुरात सगळ्यांना पाठ. टाऊन हॉलच्या संग्रहालयाची ओळख ज्यामुळं जगभर झाली ती पोसायडनची वीतभर कांस्यमूर्तीही तिकडचीच. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात ती सापडली. रोमशी चालणाऱ्या व्यापारातून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती इथं पोचली असावी, असं अभ्यासक मानतात. तिच्याविषयी सांगायला लागलो की मुलं अंगकाठीवरून लगेच ठरवायची, हा कुठल्या तरी तालमीचा पैलवान. समुद्राचा देव आहे म्हटलं तर त्यांना पटायचं नाही, कारण इथं समुद्र कुठाय? एका मुलीनं मात्र माझं अख्खं व्याख्यान एका वाक्यात संपवलं. "म्हणजे आधी रोम कोल्हापूरला आलं, मग महाराज रोमला गेले." त्यानंतर मी तिचंच वाक्य वापरत आलो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर गेलं, रंगमंच गेला. ज्या विंगेत मुलांना उभं करायचो ती विंग गेली. गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, आणि त्यांत एके काळी सहलीबरोबर आत आलेलीही होती. आता ते होतं तसंच पुन्हा बांधायचं ठरलं आहे.

शाळांना एवढंच सांगणं आहे. नाट्यगृह उघडलं की मुलांना पुढच्या दारानं आणून खुर्च्या दाखवून परत नेऊ नका. आधी फोन करा, त्या दिवशी कुणाचा सेट लागणार आहे ते विचारा आणि एक तास मोकळा ठेवा. मुलांना रंगमंचावर उभं करा, स्वतः मागच्या रांगेत बसा, आणि ती काय बोलतात ते ऐका. भेळ त्यानंतर.