सत्ता आणि विचारधारा – लेखांक ७ : चिनी कम्युनिस्ट पक्षाने काय सोडले, काय राखले

चिनी कम्युनिस्ट पक्ष १९४९ पासून चीनवर अखंड राज्य करत आहे. या काळात त्याने जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना वाटली, काही वर्षांतच ती कम्यूनमध्ये एकत्र केली आणि पुढे कम्यून मोडून पुन्हा कुटुंबांकडे कसायला दिली. खासगी कारखानदारी त्याने १९५६ पर्यंत जवळजवळ संपवली आणि २००१ मध्ये कारखानदारांनाच पक्षाची दारे उघडली. इतकी वळणे घेऊनही आपले मूळ तत्त्वज्ञान चुकले, असे पक्षाने कधी म्हटले नाही. मार्क्सवाद-लेनिनवाद आणि माओ विचार आजही पक्षघटनेत आहेत. पक्षाची संघटना मागील लेखांकात येऊन गेली. या लेखांकात या वैचारिक स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

माओ त्से तुंग यांचे निधन ९ सप्टेंबर १९७६ रोजी झाले. त्यांचे वारस हुआ ग्वोफेंग यांच्या गटाने फेब्रुवारी १९७७ मध्ये माओंचा प्रत्येक निर्णय आणि प्रत्येक आदेश पाळण्याची भूमिका जाहीर केली. ती टिकली असती तर धोरणबदलाला वावच उरला नसता. पण माओंना सरळ नाकारणेही शक्य नव्हते. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ मध्ये स्टालिनवर टीका केली, तेव्हा आधाराला लेनिन शिल्लक होते. चीनमध्ये क्रांतीचा प्रणेता आणि क्रांतीनंतरचा हुकूमशहा एकच होता. त्याला पदच्युत केले असते तर १९४९ ची क्रांती आणि तिच्या जोरावर मिळालेला राज्य करण्याचा हक्क, दोन्ही डळमळले असते.

डेंग शियाओपिंग यांच्या समर्थकांनी यातून वाट काढली ती माओंच्याच शब्दांचा आधार घेऊन. ११ मे १९७८ रोजी ‘ग्वांगमिंग डेली’ या दैनिकात एक लेख आला. प्रत्यक्ष व्यवहार हाच सत्याचा एकमेव निकष, असे त्याचे प्रतिपादन होते. व्यवहारातून ज्ञान तपासून घ्यावे ही शिकवण माओंचीच असल्याने तिला विरोध करणे अवघड होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मध्यवर्ती समितीच्या बैठकीने वर्गसंघर्ष बाजूला ठेवून आर्थिक आधुनिकीकरण हे मुख्य काम ठरवले. जून १९८१ च्या ठरावाने माओंच्या मूल्यमापनाचा प्रश्नही मिटवला. सांस्कृतिक क्रांती ही माओंची घोर चूक होती, मात्र त्यांचे कार्य मोठे आणि चुका दुय्यम, असे त्यात म्हटले गेले. ठरावातली सर्वांत महत्त्वाची सोय वेगळीच होती. ‘माओ विचार’ हे एका व्यक्तीचे नव्हे, तर साऱ्या पक्षाच्या अनुभवाचे सार आहे, अशी त्याची व्याख्या करण्यात आली. त्यामुळे खुद्द माओंच्या चुका ‘माओ विचारा’पासून ढळल्यामुळे झाल्या, असे म्हणता आले. पोथी कायम राहिली आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार हयात नेतृत्वाकडे आला.

धोरणे बदलण्याचा क्रम बहुधा ठरलेला असे. आधी प्रत्यक्षात काहीतरी घडू द्यायचे, ते यशस्वी ठरले की त्यासाठी तत्त्व शोधायचे. शेतीच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील शियाओगांग या गरीब गावात अठरा कुटुंबांनी गुपचूप करार करून सामूहिक जमीन आपसांत वाटून घेतली. सरकारची लेव्ही प्रत्येकाने भरायची, उरलेले धान्य ज्याचे त्याने ठेवायचे, असे ठरले. म्होरक्यांना तुरुंगात जावे लागले तर इतरांनी त्यांची मुले सांभाळायची, असेही त्यात होते. ही भीती अनाठायी नव्हती, कारण सुधारणांची सुरुवात म्हणून गौरवल्या जाणाऱ्या डिसेंबर १९७८ च्या बैठकीपुढील शेतीविषयक मसुद्यात अशा वाटपाला मनाईच होती. आन्हुईचे पक्षसचिव वान ली यांनी या प्रयोगांना संरक्षण दिले. उत्पादन वाढले. जानेवारी १९८२ मध्ये पक्षाने कुटुंबनिहाय कसणूक ही समाजवादी व्यवस्थेतच बसते, असे जाहीर केले. १९७८ मध्ये सुमारे ३० कोटी टन असलेले धान्योत्पादन १९८४ मध्ये ४० कोटी टनांवर गेले. जमिनीची मालकी मात्र आजही सामूहिकच आहे. सिद्धान्ताला धक्का न लावता व्यवहार बदलण्याचा तो मार्ग होता.

मजूर ठेवण्याच्या प्रश्नावरचा वाद आज वाचताना विलक्षण वाटतो, पण त्या काळी तो अत्यंत गंभीर होता. मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथातील एका उदाहरणाच्या आधारे, सात मजूर ठेवणारा स्वयंरोजगारी कारागीर आणि आठ ठेवणारा शोषक भांडवलदार, अशी सीमारेषा मानली गेली. आन्हुईतील वुहू शहरात टरबुजाच्या भाजलेल्या बिया विकणारे न्यान ग्वांगच्यु यांच्याकडे शंभरावर माणसे कामाला होती. त्यांच्यावर कारवाईची मागणी झाली, तेव्हा डेंग यांनी थोडे थांबून पाहू, असा सल्ला दिला. १९८७ च्या तेराव्या अधिवेशनात तत्कालीन पक्षप्रमुख झाओ झियांग यांनी या थांबण्याला सिद्धान्ताचे रूप दिले. चीन समाजवादाच्या ‘प्राथमिक अवस्थे’त असून ही अवस्था १९५० च्या दशकापासून किमान शंभर वर्षे चालेल, असे त्यांनी मांडले. या मांडणीमुळे ध्येय न सोडता ते लांबणीवर टाकता आले, आणि मधल्या काळात बाजारपेठ वाढवणे हेच समाजवादी कर्तव्य ठरले. १९८८ च्या घटनादुरुस्तीने खासगी उद्योगांना कायदेशीर मान्यता दिली.

राजकीय चौकट मात्र सुरुवातीलाच बंदिस्त केली होती. ३० मार्च १९७९ रोजी डेंग यांनी चार अनुल्लंघनीय तत्त्वे सांगितली : समाजवादी मार्ग, सर्वहारांची हुकूमशाही, पक्षाचे नेतृत्व आणि मार्क्सवाद-लेनिनवाद व माओ विचार. लोकशाहीची मागणी करणारे वेई जिंगशेंग यांना आदल्याच दिवशी अटक झाली होती. पुढच्या चाळीस वर्षांत यांपैकी तीन तत्त्वांचा अर्थ हवा तसा ताणला गेला. शब्दशः पाळले गेले ते एकच, पक्षाचे नेतृत्व. १९८२ च्या राज्यघटनेतून संपाचा हक्क वगळण्यात आला. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगारांचे हत्यार काढून घेतले गेले, ही गोष्ट या साऱ्या स्थित्यंतरात जेवढी बोलकी आहे तेवढीच दुर्लक्षित राहिली आहे.

१९८९ मध्ये तिआनमेन चौकातील आंदोलन लष्कराकरवी चिरडले गेले, झाओ यांना पदावरून हटवले गेले आणि ऑगस्टमध्ये खासगी उद्योजकांना पक्षात घेण्यास बंदी झाली. पाठोपाठ १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. जुन्या विचारांच्या नेत्यांनी त्यावरून सुधारणा आवरण्याची मागणी केली. डेंग यांनी उलट निष्कर्ष काढला. राहणीमान सुधारले नाही तर पक्ष टिकणार नाही, हे त्यांनी १९९२ च्या जानेवारी-फेब्रुवारीतील दक्षिण दौऱ्यात शेनझेन, झुहाय, शांघाय येथे ठासून सांगितले. नियोजन आणि बाजार ही दोन्ही केवळ साधने आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबरमधील चौदाव्या अधिवेशनाने ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे उद्दिष्ट स्वीकारले.

वर्गसंघर्षाची जागा त्याच सुमारास राष्ट्रवादाने घेतली. १९९४ च्या देशभक्तिपर शिक्षणाच्या आराखड्यानंतर शाळा, संग्रहालये आणि स्मारके यांतून पहिल्या अफू युद्धापासूनच्या ‘अपमानाच्या शतका’ची कहाणी सांगितली जाऊ लागली. माओंच्या काळी शत्रू देशातला जमीनदार व भांडवलदार होता, आता तो परकीय आक्रमक झाला. देशातल्या श्रीमंताला त्यामुळे ‘आपल्यात’ जागा मिळाली.

ती जागा औपचारिकपणे दिली तत्कालीन पक्षप्रमुख जियांग झेमिन यांनी. २००० मध्ये मांडलेल्या ‘तीन प्रतिनिधित्वां’नुसार पक्ष प्रगत उत्पादक शक्ती, प्रगत संस्कृती आणि बहुसंख्य जनतेचे हित यांचा प्रतिनिधी ठरला. १ जुलै २००१ रोजी, पक्षाच्या ८० व्या वर्धापनदिनी, उद्योजकांना सभासदत्व देण्याची घोषणा झाली. ज्या डाव्या नियतकालिकांनी याला विरोध केला, ती बंद करण्यात आली. २००२ च्या पक्षघटनेत पक्ष कामगारवर्गाबरोबरच चिनी जनतेचे आणि चिनी राष्ट्राचेही अग्रदल बनला. याच काळात सरकारी कारखान्यांच्या फेररचनेत अडीच कोटींहून अधिक कामगारांची नोकरी गेली. ज्यांना जन्मभराची हमी दिली होती, त्यांना वाऱ्यावर सोडून आणि ज्यांना कालपर्यंत शोषक म्हटले, त्यांना जवळ करून पक्षाने आपला सामाजिक पायाच बदलला.

२०१२ नंतरचा काळ पाहता ही वाटचाल एकाच दिशेने, भांडवलशाहीकडे चालली होती, असे मानणे चूक ठरते. शी जिनपिंग यांनी खासगी कंपन्यांत पक्षशाखांचा प्रभाव वाढवला आणि २०२१ मध्ये ‘सामायिक समृद्धी’चा नारा देत बड्या तंत्रज्ञान कंपन्यांना वेसण घातली. उद्योजकांना पक्षात घेणे आणि त्यांना आवरणे, या दोन्हींमागचा हेतू एकच होता : पक्षाला पर्याय ठरेल असे दुसरे सत्ताकेंद्र उभे राहू नये. २०१७ मध्ये पक्षघटनेत सर्व क्षेत्रांवर व सर्व दिशांना पक्षाचेच नेतृत्व असल्याचे माओकालीन वचन पुन्हा दाखल झाले. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची कालमर्यादा उठवली गेली आणि कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व हेच चिनी समाजवादाचे व्यवच्छेदक लक्षण आहे, असे राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात नमूद झाले. पूर्वी समाजवाद हे पक्षाच्या सत्तेचे समर्थन होते. या कलमाने पक्षाची सत्ता हीच समाजवादाची कसोटी केली.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शेनझेनमधील एका कारखान्याच्या कामगारांनी स्वतःची संघटना स्थापण्याचा प्रयत्न केला. पेकिंग विद्यापीठासह काही विद्यापीठांतील मार्क्सवादी अभ्यासगटांचे विद्यार्थी त्यांच्या पाठिंब्यासाठी गेले. पाठ्यक्रमात सक्तीने शिकवला जाणारा मार्क्स त्यांनी गांभीर्याने घेतला होता आणि माओंचे दाखले देत ते कामगारांच्या बाजूने बोलत होते. ऑगस्टमध्ये पोलिसांनी छापा घालून त्यांच्यापैकी सुमारे पन्नास जणांना ताब्यात घेतले.