चिमणा-चिमणीची जोडी खरंच जन्माची असते का?

दिघी : घरटं दोघं मिळून करतात, अंडी दोघं उबवतात, पिल्लांना अळ्याही दोघं भरवतात. म्हणून चिमणा-चिमणीची गाठ जन्माची, असं आपण समजतो. ते पूर्ण खरं नाही.

पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९०६-०७ च्या सुमारास, वयाच्या दहाव्या वर्षी लिहिलेली नोंद प्रसिद्ध आहे. चिमणी भिंतीतल्या भोकात अंड्यांवर, चिमणा बाहेर खिळ्यावर राखणीला. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने चिमणा मारला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा हजर! सात दिवसांत आठ चिमणे मारले, तरी दर वेळी नवा आलाच.

कारण घरट्याच्या जागा मोजक्या. ज्या चिमण्याकडे जागा, त्याला चिमणी मिळते. बाकीचे वाट बघत असतात. पुढे डीएनए तपासणीत दिसलं, की जोडी टिकली तरी साधारण दहातल्या एक-दोन पिल्लांचा बाप दुसराच असतो. भरवतो मात्र घरचाच चिमणा.

म्हणजे हा संसार जागेवर उभा आहे. आता कौलं जाऊन स्लॅब आले, वळचणी संपल्या. सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी सावलीत, मांजराचा हात पोचणार नाही अशी भिंतीला ठोका. जागा तुम्ही द्या, जोडीदार ते शोधतील.