चोवीस-पन्नासचा सेल

"सीआर चोवीस-पन्नास आहे का?" असं विचारलं की अलिबागच्या बाजारातला घड्याळवाला हमखास वीस-बत्तीस पुढे करतो. मोटारीच्या रिमोटमध्ये तोच जातो, वजनकाट्यात तोच, त्यामुळे त्याच्याकडे त्याचीच पाकिटं टांगलेली. नको म्हटलं तर म्हणतो, "पत्ती जरा वाकवून देतो की, बसेल." बसेलही. पण वीस-बत्तीस म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, तर चोवीस-पन्नासचा व्यास २४ च्या थोडा वर आणि जाडी पुरती ५. दोन्ही ३ व्होल्टचेच, मात्र मोठ्याच्या पोटात धाकट्याच्या जवळजवळ तिप्पट वीज मावते. आणि माझं यंत्र काही रिमोट नव्हे. पाण्याखाली किती खोल आहे, किती वेळ झाला आणि वर कधी निघायचं, हे ते सांगतं.

यंत्र म्हणजे जुना सुंटो वायपर. मनगटावर बांधायचा, मूठभर आकाराचा डाइव्ह कॉम्प्युटर. रायगडच्या किनाऱ्यावर त्याला फारसं काम नाही. रेवदंड्याला कुंडलिका, जंजिऱ्याजवळ राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, सगळ्या गाळ आणून ओततात. आपल्या पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसतीलच असं नाही. म्हणून इथले हौशी पाणबुडे दिवाळीनंतर पाणी निवळलं की मालवण-तारकर्लीची वाट धरतात. तोवर सगळा पावसाळा यंत्र कपाटात. फराळाच्या गडबडीत ते बाहेर काढावं, तर पडदा कोरा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सेलला शिव्या दिल्या. दोष सेलचा नव्हता. या यंत्रांच्या अंगावर धातूची छोटी टोकं असतात. पाण्यात शिरताच पाणी ती टोकं जोडतं आणि यंत्र आपोआप जागं होतं. सोय चांगलीच आहे. पण गेल्या सफरीनंतर ती नीट धुतली नाहीत, तर त्यांच्यात मिठाचा कण राहतो. आषाढातल्या कोकणात मीठ काय करतं ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. बरणीतलं मीठ पाझरतं. तसाच तो कणही हवेतली ओल ओढून घेतो आणि बिचाऱ्या यंत्राला कपाटात पडल्यापडल्या वाटतं, आपण समुद्रात आहोत. मग ते महिनाभर बुडीची वाट बघत जागं बसतं. म्हणून सेल बदलण्याआधी जुन्या टूथब्रशने आणि गोड्या पाण्याने ती टोकं घासायची. नाहीतर नवा सेलही त्याच वाटेने जाणार.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण खोली दाखवणारं साधन यांत्रिक असायचं. वाकवलेली पोकळ नळी बाहेरच्या दाबाने किंचित हलते आणि काटा फिरतो. त्याला वीज लागत नाही. १९८३ साली अमेरिकेत ऑर्का एज नावाचा डाइव्ह कॉम्प्युटर बाजारात आला. तो ट्रान्झिस्टरमध्ये घालतात तसल्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा आणि ती भराभरा खायचा. पुढे उवाटेक कंपनीच्या अलादीनने दुसरं टोक गाठलं: आतली सर्किटं तेलात बुडवलेली, डबी कायमची बंद, बॅटरी संपली की यंत्र कारखान्याकडे. आज असा जुना अलादीन कुणी स्वस्तात देऊ केला तर मी घेणार नाही. वायपरचं झाकण मात्र घरी उघडता येतं. त्यातच त्याचं मोठेपण आहे, आणि धोकाही त्यातच.

धोका झाकणाखालच्या काळ्या रबरी कड्यात आहे. ओ-रिंग. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर एकूण चौपट. तो सगळा दाब हे कडं अडवतं. ते सुईने उचकटायचं नाही, नखाने किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने काढायचं. नव्या सेलबरोबर नवीन कडं. त्यावर सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम हात, चकाकी येईल इतकाच. जास्त झालं तर त्यालाच रेती चिकटते. ज्या खाचेत कडं बसतं ती उजेडात तिरकी धरून बघायची. सेलला उघडी बोटं लावायची नाहीत, फडक्याने धरायचा.

मी एकदा बघितलं नाही. डोक्याचाच एक केस कड्यावर आडवा राहिला. केस काय करणार, असं वाटेल. खोलवर दाबच झाकणाला आत रेटून धरतो, त्यामुळे तिथे काही कळलं नाही. उथळात, शिडीजवळ आल्यावर आकडे एकेक करून विरत गेले. घरी उघडलं तर तांब्याच्या पत्तीवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर. ते यंत्र गेलं. आमच्या ओळखीच्या एका नाखव्याला ही हकिगत सांगितली तर तो हसला, "होरीचा पन असाच हाय." लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून वर राळ आणि तेल चोपडतात. तिथेही फळी क्वचित दगा देते, सांधा देतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पाण्याखाली शरीरात किती नायट्रोजन मुरला आहे याचा हिशेब यंत्र चालू ठेवत असतं. बहुतेक जुन्या यंत्रांत सेल काढला की तो पुसला जातो, आणि आजवर कधी पाण्यात न गेलेल्या माणसासारखी परवानगी ते तुम्हाला देऊ लागतं. म्हणून सकाळची बुडी आणि दुपारची बुडी यांच्यामध्ये होडीत बसून सेल बदलणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. सेल बदलायचा तो घरी, शेवटच्या बुडीला निदान दिवस उलटल्यावर.

चोवीस-पन्नास शेवटी मुंबईहून आणला, लॅमिंग्टन रोडवरून. दोन घेतले, पाकिटावरची मुदत वाचून. बसवल्यावर काचेच्या पेल्यात यंत्र बुडवलं. ते लगेच जागं झालं, शून्य खोली दाखवत. झाकणाच्या कडेने एखादा बुडबुडा निघतो का ते बघत बसलो. पेल्याने फक्त ढोबळ गळती कळते, म्हणून पहिल्या खेपेला ते एकटंच दोरीला बांधून सोडायचं ठरवलं आहे. दहा मिनिटं झाली. बुडबुडा नाही. बायकोने चकलीच्या घाण्यावरून विचारलं, "तो पेला मोकळा होणार आहे का आज?"