घरची भाकरी आणि ज्वारीचे वाण

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार पिढ्यानपिढ्या रब्बी ज्वारीवर बेतलेला आहे. दाणा माणसांना व कडबा जनावरांना, असे हे दुहेरी उपयोगाचे पीक होय. असे असूनही ज्वारीखालील रान वर्षानुवर्षे आखडत चालले आहे. त्याची कारणे सांगताना आपण पावसाचा लहरीपणा, काढणीची मजुरी, बाजारभाव आणि पाण्याची सोय होताच उसाकडे वळणारा शेतकरी यांचा उल्लेख करतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु ज्वारीचा दाणा अखेर ज्या जागी जाऊन पोहोचतो ते स्वयंपाकघर, तेथे रोज काय खावेसे वाटते व प्रत्यक्षात काय रांधले जाते, हा प्रश्न आमच्या अहवालात कोठेच नसतो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेक वर्षे विचारला नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मंगळवेढा तालुक्यातील एका गावी मी ज्वारीच्या एका सुधारित वाणाचे प्रात्यक्षिक घेतले होते. जमीन भारी काळी, ओल चांगली, पेरणी वेळेवर. उतारा शेजारच्या रानापेक्षा स्पष्टपणे अधिक पडला. मळणीनंतर गावकऱ्यांना जमवून मी आकडे सांगितले. मंडळी पांगल्यावर त्या घरच्या बाईंनी मला ओसरीवर बसविले आणि ताटलीत एक भाकरी आणून ठेवली. तिच्या कडा चिरलेल्या होत्या व मधोमध तडा गेला होता. "साहेब, ही तुमच्या वाणाची. रानात लई झाली, पर हातावर थापंना," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढील वर्षी त्या घराने पुन्हा मालदांडी पेरली. मी अहवालात 'शेतकरी जुन्या चालीस चिकटून आहेत' असा शेरा मारला. तो शेरा आज आठवला की संकोच वाटतो. त्या घरात वाणाची परीक्षा झाली होती आणि तिचा निकाल माझ्यासमोर ताटलीत ठेवला होता. मला तो वाचता आला नाही.

मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवड करून १९३० च्या दशकात काढण्यात आला. त्यानंतर अधिक उतारा देणारे वाण पुष्कळ आले. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित वाण प्रसारित झाला आणि खरिपात ज्वारीचे उत्पादन पुष्कळ वाढले. पण लवकर तयार होणारी ती कणसे पावसात सापडून दाण्यावर बुरशी येई, दाणे काळे पडत व भाकरीला रंग आणि चव दोन्ही राहत नसे. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पक्व होते, म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा शुभ्र राहतो. मालदांडी इतकी वर्षे टिकली ती दाण्याची ही चकाकी, उंच ताटाचा कडबा आणि भाकरी या तीन गोष्टींवर. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. आधारभूत किमतीतही मालदांडीचा वेगळा उल्लेख असतो. २०२३-२४ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीस क्विंटलला ३,१८० रुपये व मालदांडीस ३,२२५ रुपये असा दर जाहीर झाला होता. पंचेचाळीस रुपयांचा हा फरक पाहून स्वयंपाक करणारी कोणतीही गृहिणी हसेल.

भाकरीचे गुण कशावर अवलंबून असतात हे मी पुस्तकात थोडे व आईच्या चुलीपाशी अधिक शिकलो. गव्हाच्या पिठात पाणी पडताच चिकट प्रथिनांचे जाळे तयार होते व कणीक ताणली जाते. ज्वारीत ते प्रथिन नाही. ज्वारीचे पीठ एकजीव होते ते त्यातील पिष्टमय पदार्थ गरम पाण्यात फुगून चिकट झाल्यामुळे. आई हे शास्त्र शिकलेली नाही, पण तिची रीत त्याला धरून आहे. पीठ त्याच दिवशीचे असेल तर ती कोमट पाणी घेते. पीठ चार दिवसांचे झाले की आधण ओतते, उलथन्याने कालविते व किंचित निवल्यावर तळहाताच्या टाचेने रगडून मळते. काठवटीत पीठ पसरून गोळा थापावयाचा, पिठाची बाजू वर राहील अशी भाकरी तव्यावर टाकावयाची, तिच्यावर पाण्याचा हात फिरवावयाचा आणि ते पाणी पुरते सुकण्यापूर्वी ती उलटावयाची. पाणी लावण्यास उशीर झाला की तडे गेलेच. दुसरी बाजू शेकली की भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करावयाची. ती टम्म फुगली म्हणजे पापुद्रा सुटला.

पीठ जुने झाले की 'त्याची विरी गेली' असे आपल्याकडे म्हणतात. ज्वारीच्या अंकुरात तेलाचा अंश असतो. दळल्यानंतर तो हवेला उघडा पडतो, हळूहळू खवट होतो व पिठाला कडवट वास येऊ लागतो. यास्तव आमच्या घरी आठवड्यापुरतेच दळण पाठविण्याचा परिपाठ होता. पीठ महिन्याचे भरून ठेवणे सोयीचे खरे, पण मग भाकरी तुटली म्हणून वाणाला दोष देऊ नये.

आमच्या घरी खाण्याची जी आवड होती ती सारी या दाण्याभोवती फिरे. सकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा, त्यावर कच्चे तेल, तिखट व कांदा. उन्हाळ्यात ताकातल्या कण्या किंवा आंबील. प्रवासाला निघताना धपाटे. घरात लग्नकार्य होऊन तीन दिवस गोडधोड खाणे झाले की चौथ्या दिवशी सर्वांना एकच आठवण होई : पिठले, भाकरी व ठेचा. बाहेरचे जेवण म्हणजे शेतावरचे जेवण. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला सगळे घर ज्वारीच्या उभ्या पिकात जाऊन जेवावयास बसे, भज्जी व आंबील मनसोक्त चाले. पुढे दाणा दुधावरून चिकात आला की आगटीत कणसे भाजून हुरडा. आता हुरड्यासाठी शहरातील मंडळी पैसे देऊन शेतावर येतात, आणि विद्यापीठाने फुले उत्तरा व फुले मधुर असे खास हुरड्याचे वाण दिले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

ही आवड अजूनही आहे. भाकरीची सवय मात्र गेली. माझ्या शहरातील बिऱ्हाडी आठवड्यातून सहा दिवस पोळीच असते. आमची सौ. शिक्षिका असून सकाळी सातला घर सोडते. पोळ्यांची कणीक रात्री मळून ठेवता येते, ज्वारीचे पीठ तसे ठेवता येत नाही. शिवाय पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. तरी पावसाची झड लागली किंवा दिवस कष्टाचा गेला की तीच म्हणते, "आज भाकरी खावीशी वाटते." मग आम्ही महामार्गावरील एखाद्या ढाब्यावर जातो आणि जी वस्तू माझ्या आईने जन्मभर विनामूल्य वाढली ती नगावर मोजून घेतो. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली होती. त्या वेळी ते गरिबाचे अन्न समजले गेले. आज तेच अन्न पाटीवर ठळक अक्षरांत लिहून विकले जाते.

एकदा अशाच एका ढाब्यावर मी भाकरी थापणाऱ्या बाईंशी बोलत उभा राहिलो. पीठ गिरणीवरून तयार पोत्यात येते, पहिले दोन दिवस ते हाताला लागते, पुढे तुटू लागले की त्यात थोडे तांदळाचे पीठ घालून सावरून घ्यावे लागते, असे त्यांनी सांगितले. ज्वारी कोणत्या गावची, कोणत्या वाणाची हे त्यांना वा मालकाला ठाऊक नव्हते. "तुमच्या घरी रोज भाकरीच असेल?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब. दिसभर थापून हात गळून जात्यात. घरी रेशनच्या गव्हाच्या चपात्या. पोरं तेच मागत्यात." अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला व जानेवारी २०२३ पासून त्याखालील धान्य विनामूल्य मिळू लागले. त्याचा आधार लाखो घरांना आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण आमच्या भागात दुकानातून हाती येते ते प्रामुख्याने गहू व तांदूळ. ज्वारी पिकविणाऱ्या गावातील चुलीवर गहू, आणि गावाबाहेरील ढाब्यावर ज्वारी, अशी ही अदलाबदल झाली आहे.

माझ्या स्वतःच्या गावी काय घडले तेही सांगतो. आमच्या सहा एकरांपैकी चार एकर पूर्वी ज्वारी असे. थोरल्या बंधूंनी ती कमी करीत एक एकरावर आणली, तीही कडब्यासाठी. मी त्यांना पेरणीची वेळ, वाण, ओलीचे शास्त्र सर्व सांगत असे. २०२४ च्या गणपतीत मी पुन्हा विषय काढला तेव्हा दादा म्हणाले, "पेरायला काही अडचण नाही. पण खाणार कोण?" आईची बोटे आता आखडली आहेत, तिला भाकरी थापता येत नाही. वहिनींनी मात्र खरे कारण सांगितले. घरची सहा माणसे व रानातली मजूर मंडळी मिळून दोन वेळच्या चाळीस भाकऱ्या त्यांच्या मनगटावर पडत. भाकरीची महती सांगणारे बहुधा आम्ही पुरुष असतो. थापणाऱ्यांचे मत कोणी घेत नाही. 'खायला मलाही आवडते, पण तुटणाऱ्या पिठाच्या चाळीस भाकऱ्या मी करणार नाही,' असे त्यांनी बजावले.

तेव्हा आम्ही ठरविले की वाणाची निवड घरातूनच करावयाची. जमीन मध्यम ते भारी असल्याने २०२४-२५ च्या रब्बीत एका एकरात तीन पट्टे पेरले : मालदांडी, फुले सुचित्रा व फुले वसुधा. हे तिन्ही सरळ वाण असल्याने पसंत पडेल त्याचे बियाणे घरीच राखता येते. संकरित वाणाचे तसे करू नये. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागताच, म्हणजे दाणा पक्व होताच, काढणी केली. पीक उगाच उभे ठेवले नाही, कारण अवकाळी पाऊस झाल्यास दाण्याची चकाकी जाते. कणसे उन्हात चांगली वाळवून प्रत्येक पट्ट्याची मळणी वेगळी केली. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळविला.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा आपल्या गावी अवश्य घ्यावी, म्हणून तिची रीत थोडी विस्ताराने देतो. प्रत्येक वाणाची दोन किलो ज्वारी घ्यावी व एकाच दिवशी, एकाच गिरणीवर दळावी. गिरणीत आधीच्या दळणाचे गव्हाचे पीठ अडकलेले असते, ते मिसळले तर परीक्षा फुकट जाते; म्हणून पहिली ओंजळभर पीठ बाजूला काढावे. पिशव्यांवर वाणाचे नाव लिहू नये, नुसती खूण करावी. भाकऱ्या एकाच स्त्रीने, एकाच तव्यावर, सारख्याच पाण्याने कराव्यात. पीठ मळताना हाताला कसे लागते, थापताना कड चिरते काय, पापुद्रा सुटतो काय हे तिला विचारून लिहून घ्यावे. चव घरातील सर्वांनी पाहावी. लहान मुलांना वगळू नये, कारण पोळीकडे वळली आहेत ती मुलेच. त्यानंतर तेच पीठ आठ दिवस ठेवून पुन्हा भाकऱ्या कराव्यात. एवढ्यास खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि उताऱ्याच्या आकड्याशेजारी हे टिपण असले म्हणजे प्रात्यक्षिकाला पूर्णता येते.

आमच्या घरी वहिनींनी पिशव्यांच्या तोंडाला एक, दोन व तीन गाठी बांधल्या. वाण कोणते ते फक्त दादांना ठाऊक होते. दोन गाठींच्या पट्ट्याचा उतारा सर्वांत चांगला पडला होता, तोच पसंत पडावा अशी त्यांची उघड इच्छा होती. गरम भाकरी तिन्हींची चांगली झाली. मला तर फरक कळला नाही. आईने प्रत्येकीचा तुकडा मोडून हुंगला, चावला आणि काही बोलली नाही. मग तिन्हींची एकेक भाकरी फडक्यात गुंडाळून तिने शिंकाळ्यात ठेवावयास लावली. भाकरी गार झाली की फुगलेला पिष्टमय अंश पुन्हा घट्ट होऊ लागतो, आणि काही वाणांत तो अधिक लवकर घट्ट होतो असे आम्ही शिकलो आहोत. आईचा हिशेब सरळ होता की शेतकऱ्याची अर्धी भाकरी शिळीच खाल्ली जाते.

सकाळी तिने फडके सोडले. दोन गाठींची भाकरी वाकविताच मोडली. एक गाठीची वाकली, पण कडेला चिरली. तीन गाठींची घडी घातली तरी तुटली नाही. आईने तिचाच कुस्करा करून खाल्ला व वाटी पुढे सरकवून आणखी मागितला. गाठींमागील वाणांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. हा निकाल आमच्या रानापुरता व आमच्या पाण्यापुरता आहे, भारी वा हलक्या जमिनीत तो वेगळा येऊ शकेल.

वहिनींनी दोन अटी घातल्या. दळण दर आठवड्यास दादांनी गिरणीवर न्यावे, महिन्याचे एकदम आणू नये. आणि मजुरांच्या भाकऱ्या गावातील बचत गटाकडून विकत घ्याव्यात, घरच्यांच्या त्या स्वतः करतील, तेही एक वेळच्या. दादांनी दोन्ही अटी मान्य केल्या. एकरी चार किलोप्रमाणे आठ किलो निवडक बियाणे त्यांनी कडुनिंबाचा पाला घालून ठेवले, आणि २०२५ च्या रब्बीत तीन गाठींची ज्वारी दोन एकरांत पडली.