एक प्रिंटर, अनेक संगणक

जून महिना आला की तुळजापूर, उमरगा, परंडा अशा तालुक्यांच्या गावी प्रवेशासाठी लागणारे दाखले काढण्याची धांदल उडते. समजा, एका कचेरीत पाच मेजांवर पाच संगणक आहेत; प्रिंटर मात्र एकच. पाचही जणांनी एकदमच छपाईची आज्ञा दिली, तर एकाच्या दाखल्यात दुसऱ्याचा सातबारा मिसळेल काय?

पिठाची गिरणी आठवा. सर्वांचे डबे ओळीने ठेवलेले असतात आणि एकाचे दळण संपल्यावरच दुसऱ्याचे जात्यात पडते. प्रिंटरही असेच करतो. येणारी कामे स्मृतीत साठवून तो ती एकामागून एक छापतो.

पण काम प्रिंटरपर्यंत पोहोचते कसे? संगणक मजकुराची लहान लहान पाकिटे करतो. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता म्हणजे चार संख्या, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. प्रत्येक संख्येला ८ बिट मिळतात, म्हणून ती ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. याला आयपी पत्ता म्हणतात.

खरी गोम येथेच आहे. हे पत्ते बहुधा राउटर नावाचे उपकरण ठरावीक मुदतीसाठी वाटून देते. वीज जाऊन परत आली की प्रिंटरला कधी कधी वेगळाच पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पाकिटे पाठवीत राहतात. प्रिंटर धडधाकट असतो, शाई असते, कागद असतो. तरी पडद्यावर ‘ऑफलाइन’ असे उमटते आणि खिडकीपुढची रांग ताटकळत राहते.

यावर उपाय सोपा आहे. प्रिंटरला कारखान्यातच ४८ बिटांचा आणखी एक क्रमांक दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. ‘या क्रमांकाच्या यंत्राला नेहमी हाच आयपी पत्ता द्यावा’ अशी नोंद राउटरमध्ये करावी. मग पाचही संगणकांना तो आयपी पत्ता सांगून त्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाची आज्ञा प्रिंटरच्या भाषेत उतरविणारा दुभाष्या, बसवावा. शेवटी प्रत्येक संगणकावरून एक चाचणी-पान छापून पाहावे.

गंमत अशी की, संगणक जोडणाऱ्या जाळ्याच्या जन्मालाही प्रिंटरच काही अंशी कारण झाला! अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांचा वेगवान लेसर प्रिंटर होता. अनेक संगणकांना तो वापरता यावा, हा रॉबर्ट मेटकाफ यांच्यापुढील एक प्रश्न होता. त्यातून १९७३ साली त्यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. आजही कचेऱ्यांतील तारांचे जाळे त्याच नावाने ओळखले जाते.

तुमच्या शाळेत असा प्रिंटर असल्यास शिक्षकांच्या परवानगीने त्याच्या जोडणीच्या माहितीचे पान छापून पाहा. त्यावर दोन्ही पत्ते आढळतील. त्यांपैकी बदलू शकणारा कोणता, हे आता तुम्हीच सांगा!