शून्य कधी ‘हो’ होतं?

एकच पुस्तक भारतासाठी ए-४ कागदावर आणि अमेरिकेसाठी तिकडच्या ‘लेटर’ आकारात हवं असेल, तर मांडणीचे नियम दोनदा लिहावे लागत नाहीत. मजकूर एक्सएमएलमध्ये असतो, नियम एक्सएसएलटी भाषेतल्या स्टाइलशीटमध्ये. त्या नियमांत काही जागा बाहेरून भरण्यासाठी ठेवता येतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात. बाहेरून काही आलं नाही, तर आधी ठरवलेलं मूल्य लागू होतं. तांत्रिक पुस्तकांसाठीच्या ‘डॉकबुक’ स्टाइलशीटमध्ये असे शेकडो पॅरामीटर आहेत. तिथे कागदाचं ठरलेलं मूल्य आहे अमेरिकी लेटर.

मूल्य नेमकं कसं पाठवायचं, हे मात्र १९९९च्या एक्सएसएलटी १.० मानकानं ठरवलं नाही. त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरची, म्हणजे हे नियम मजकुराला लावणाऱ्या प्रोग्रॅमची, रीत वेगळी. ‘सॅक्सन’मध्ये कमांड लाइनवर नाव, बरोबरचं चिन्ह आणि मूल्य लिहितात. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सएसएलटीप्रॉक’मध्ये दोन पर्याय आहेत : ‘पॅरॅम’ आणि ‘स्ट्रिंगपॅरॅम’.

चूक होते ती इथेच. ‘स्ट्रिंगपॅरॅम’ला दिलेलं ए-४ हा साधा मजकूर ठरतो. ‘पॅरॅम’ मात्र त्याला एक्सपाथची, म्हणजे एक्सएमएलमधले घटक निवडण्याच्या भाषेची, पदावली समजतो आणि एक्सएमएलमध्ये त्या नावाचा घटक शोधू लागतो. तो सापडत नाही, मूल्य रिकामं राहतं आणि पान लेटर आकाराचं निघतं. मूल्याभोवतीच्या अवतरणचिन्हांनीही एका पातळीवर भागत नाही, कारण बाहेरची जोडी कमांड वाचणारा शेलच काढून टाकतो. एक्सपाथसाठी आत दुसरी जोडी लागते.

उलटी चूकही होते. एखादा भाग दाखवू नये म्हणून आपण शून्य पाठवतो. संख्या म्हणून गेलेलं शून्य ‘नाही’ ठरतं. मजकूर म्हणून गेलेलं शून्य ‘हो’ ठरतं, कारण एक्सपाथ १.०च्या नियमानुसार रिकामा नसलेला कोणताही मजकूर सत्यच असतो.

दोन्ही वेळा काम बिनतक्रार पूर्ण होतं, आणि म्हणूनच या चुका घातक आहेत. २००७च्या एक्सएसएलटी २.० मानकानं त्यावर चांगला उपाय दिला : पॅरामीटरचा प्रकार जाहीर करता येतो आणि पॅरामीटर अनिवार्य आहे, असंही सांगता येतं. मग न बसणारं मूल्य आलं की प्रोसेसर तिथेच थांबतो. स्टाइलशीट लिहिणाऱ्यानं या दोन सोयी वापरायलाच हव्यात. चुकीच्या आकाराची शेकडो पानं छापून होण्यापेक्षा पहिल्याच क्षणी आलेला त्रुटीसंदेश केव्हाही परवडतो.