शेड टिकते ती जोडावर



उसाच्या पत्रिकेत नट-बोल्टाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण वळवाच्या वाऱ्यात एका सभासदाच्या गोठ्याचे छप्पर गेले, ते पाहून आलो म्हणून लिहितो. खांब सरळ उभे होते, कैच्याही धड होत्या. खांब आणि कैची जोडणारी पट्टी तेवढी भोकापासून कडेपर्यंत फाटली होती. नशीब, जनावरे बाहेर बांधलेली होती. लोखंड भारी घेतले, पण जोडाकडे पाहिले नाही.

असा जोड मुख्यतः तीन तऱ्हांनी जातो.

१) बोल्ट कातरतो : दोन पट्ट्या उलट दिशांना ओढल्या की मधला बोल्ट कात्रीत सापडल्यासारखा तुटतो. बोल्टाच्या डोक्यावर ४.६ किंवा ८.८ असा आकडा असतो. पहिला आकडा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण किती टन ओढीला तो तुटेल. दुसरा म्हणजे त्याच्या किती दशांश ओढीला तो कायमचा लांबू लागेल. आय. एस. ८०० (२००७) प्रमाणे भार दीडपट धरून हिशेब केला, तर १६ मि.मी.चा ४.६ चा बोल्ट कातरीत सुमारे ३ टन घेतो, ८.८ चा सुमारे ६ टन. आकडाच नसेल तर ८.८ समजून घेऊ नये.

२) पट्टी फाटते : वरच्या गोठ्यात हेच झाले. १६ च्या बोल्टाला १८ मि.मी.चे भोक लागते. पट्टी गॅसने कापलेली असेल, तर भोकाच्या मध्यापासून कड निदान ३१ मि.मी. हवी. दोन भोकांच्या मध्यांत ४० मि.मी. पेक्षा कमी अंतर नको. भोक ड्रिलनेच पाडावे. गॅसने पाडलेले भोक वेडेवाकडे होते आणि बोल्ट त्यात खेळतो.

३) बोल्ट ओढला जातो : वारा पत्रा नुसता ढकलत नाही, वर उचलतोही. ती ओढ पायाच्या बोल्टांपर्यंत जाते. तेथे वायसर आणि दुसरा चेकनट हवाच.

एका जोडाला निदान दोन बोल्ट घालावेत. एका बोल्टावर पट्टी फिरते.

मोठ्या गाळ्याचे शेड असेल तर इंजिनिअरकडून हिशेब करून घ्यावा. बांधलेल्या शेडचे नट दरसाल वळवाआधी पान्याने तपासावेत. गंजलेला बोल्ट बदलायला फार पैसे पडत नाहीत; छप्पर उडाले तर मात्र उसाचे बिल त्यातच जाते.

– ऊस विकास अधिकारी